खाशाबांसाठी गहाण पडलेलं घर

बँकेतल्या नोकरीत मी आयुष्याची बरीच वर्षं गहाणखतं वाचण्यात घालवली. घर गहाण टाकायची कारणं ठरलेली असतात. मुलीचं लग्न, आजारपण, धंद्यात आलेली खोट. पण दुसऱ्याच्या मुलाला परदेशी कुस्ती खेळायला पाठवायचंय म्हणून घराचे कागद घेऊन आलेला माणूस माझ्या टेबलासमोर कधी बसला नाही. 1952 साली असा एक माणूस कोल्हापूरच्या मराठा बँकेत गेला होता. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर. रक्कम 7000 रुपये. कर्जाच्या कागदात परतफेडीचं साधन म्हणून काय दाखवलं असेल, हा प्रश्न माझ्यातल्या जुन्या अधिकाऱ्याला अजून छळतो. ज्याच्यासाठी हे चाललं होतं, त्या खाशाबा जाधवांकडे हेलसिंकीला जाण्यापुरतेही पैसे नव्हते.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926चा, कराडजवळच्या गोळेश्वर गावचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत हे धाकटे. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये. बेचाळीसच्या चळवळीतही त्यांनी उडी घेतली. उंची जेमतेम साडेपाच फूट आणि अंगकाठी अशी, की बघणाऱ्याला हा मल्ल वाटूच नये. याच अंगकाठीमुळे राजाराम कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत खेळाच्या शिक्षकांनी त्यांचं नाव घ्यायला नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. खर्डेकरांनी परवानगी दिली आणि या किरकोळ दिसणाऱ्या मुलानं आडदांड गडी लोळवले. गुरू-शिष्याचं नातं इथून जुळलं.

1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते लंडन ऑलिम्पिकला गेले. लाल मातीत वाढलेला पैलवान, तिथे गादीवरची कुस्ती आणि गुणांचे परके नियम. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना तयार केलं. फ्लायवेट गटात ते सहावे आले. आपल्याकडे त्याचं फारसं कौतुक झालं नाही, पण पुढची चार वर्षं खाशाबा डोक्यात हेलसिंकी घेऊनच घाम गाळत होते.

मोठ्या स्पर्धेत शिरायला जगभर दोनच दारं असतात. एक जिंकून उघडायचं, दुसरं निवड समितीनं उघडायचं. अमेरिकेत कॉलेजांच्या बास्केटबॉलची मोठी स्पर्धा असते. 2025 साली तिच्यात 68 संघ होते. त्यांतले 31 आपापल्या गटाचे विजेते म्हणून हक्कानं आले, उरलेले 37 समितीनं निवडले. नामांकित कॉलेजांना समिती सांभाळून घेते. लहान कॉलेजाला मात्र बहुधा आपला गट जिंकण्यावाचून गत्यंतर नसतं. पण जिंकलं, की कोणाची मेहेरबानी लागत नाही. आपल्या मराठवाड्यातल्या कन्नड-वैजापूरच्या कॉलेजाचं तसं नाही. त्यांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली तरी पुढे जातो तो विद्यापीठाचा संघ, आणि त्यात कोणाला घ्यायचं हे निवडणारे ठरवतात. म्हणजे जिंकूनही पुन्हा दुसऱ्या दारापाशी उभं राहायचं.

खाशाबा 1952 साली याच दारापाशी अडले. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी त्यांची तक्रार होती. एका गुणानं ऑलिम्पिक हुकत होतं. दुसरा एखादा नशिबाला बोल लावून गावी परतला असता. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादवींद्रसिंह तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते, आणि कुस्तीचे दर्दीही. त्यांनी पुन्हा कुस्ती लावली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला असं चीत केलं, की गुण मोजायची वेळच आली नाही. निकाली कुस्तीत पंचाची पेन्सिल चालत नाही!

जागा मिळाली, पण खर्च? खाशाबा दारोदार फिरले, गावोगावच्या लोकांनी यथाशक्ती दिलं, तरी आकडा जुळेना. तेव्हा खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. बँकेच्या हिशेबात घर तारण होतं. खर्डेकरांच्या हिशेबात मला वाटतं खाशाबांचं मनगट.

हेलसिंकीत ते 57 किलोच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडाचा आणि मेक्सिकोचा मल्ल त्यांनी हरवला. जपानच्या शोहाची इशीशी मात्र दीर्घ झुंज देऊन ते हरले. इशीच पुढे सुवर्णपदकाचा धनी झाला. त्या कुस्तीनं दमलेल्या खाशाबांना लगेच रशियाच्या रशीद ममदबेयोवपुढे उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. पण तो सांगून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. ती कुस्ती गेली, आणि 23 जुलै 1952 रोजी कांस्यपदक गळ्यात पडलं. स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक.

गावी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गुलाल खाली बसल्यावर खाशाबांनी पहिलं काम काय केलं, तर कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, त्यांत स्वतः उतरले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. इतकी चोख परतफेड माझ्या उभ्या नोकरीत मी फार थोडी पाहिली.

1955 साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. पुष्कळ वर्षं बढतीविना गेली. निवृत्त होताना सहायक पोलीस आयुक्त होते. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावं लागलं. ज्याला मद्रासला एका गुणासाठी अर्ज करावा लागला, त्याच्या मागचे अर्ज काही सुटले नाहीत. 14 ऑगस्ट 1984 रोजी मोटारसायकलच्या अपघातात ते गेले.

दुसरं वैयक्तिक पदक भारताला मिळालं 1996 साली, अटलांटात, लिअँडर पेसमुळे. तेव्हा कुठे वर्तमानपत्रांना आणि सरकारला गोळेश्वरचे खाशाबा आठवले. मरणोत्तर अर्जुन पुरस्कार आला. 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचं नाव दिलं गेलं.