विश्लेषण : लंडनचा स्टोव्ह ते सेवाग्रामची पंगत... महात्मा गांधींचे स्वयंपाकाशी नाते कसे बदलत गेले?

दक्षिण आफ्रिकेतील फोक्सरस्टचा तुरुंग. साल १९०८. सत्याग्रह करून आत आलेल्या सुमारे ७५ भारतीयांनी आपला स्वयंपाक आपणच करायचे ठरवले. पण मिळणारा शिधा मोजका आणि त्यावर हक्क सांगणारे अनेक. वाटपावरून होणारे तंटे ज्याचा शब्द सगळे मानतील अशा माणसानेच मिटवायला हवे होते. म्हणून स्वयंपाकी झाले बॅरिस्टर मोहनदास करमचंद गांधी. त्यांनी केलेली लापशी अर्धी कच्ची असे, त्यात साखरही नसे. तरी सोबत्यांनी कुरकुर न करता ती खाल्ली, हे गांधीजींनी स्वतःच नंतर लिहून ठेवले आहे.

गांधीजींचे उपवास सर्वांना माहीत आहेत, त्यांचा स्वयंपाक मात्र फारसा कुणाला माहीत नाही. पोटाची गरज म्हणून त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि पुढे त्याच स्वयंपाकघरातून जात, धर्म आणि श्रम यांचे प्रश्न हाताळले. या प्रवासात त्यांचे काही निर्णय चुकले, काहींची झळ घरच्यांना बसली. हा बदल कसा घडला, ते जाणून घेऊया.

स्वयंपाक करण्याची वेळ का आली?

गांधीजींचा जन्म १८६९ मध्ये पोरबंदरचा. घर वैष्णव, आई पुतळीबाई कडक व्रते करणाऱ्या. शाळेत असताना मित्राच्या आग्रहाने त्यांनी चोरून मांस खाल्ले होते. १८८८ मध्ये कायदा शिकायला लंडनला निघताना मात्र त्यांनी आईसमोर मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घेतली.

जहाजावर कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचीही त्यांना लाज वाटे. त्यामुळे सोबत नेलेली मिठाई आणि फळे यांवरच त्यांनी दिवस काढले. लंडनमध्येही हाल संपले नाहीत. घरमालकीणबाई पालक उकडून देत, पाव आणि जॅम देत. दोन-तीन तुकड्यांनंतर आणखी पाव मागायचा संकोच वाटे आणि पोट रिकामेच राही.

शाकाहारी उपाहारगृहाच्या शोधात ते रोज १० ते १२ मैल चालत. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर असे एक उपाहारगृह सापडले. तिथे इंग्लंडमध्ये आल्यानंतर प्रथमच ते पोटभर जेवले. दाराशीच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक एका शिलिंगला विकायला होते. ते वाचल्यावर आईसाठी पाळलेली शपथ त्यांची स्वतःची निवड बनली.

एका खोलीतला स्टोव्ह

पुढे खर्च कमी करण्यासाठी त्यांनी एकच खोली भाड्याने घेतली आणि स्टोव्ह आणला. सकाळी ओटची लापशी आणि कोको, दुपारचे जेवण बाहेर, रात्री पुन्हा पाव आणि कोको. दिवसाचा जेवणखर्च १ शिलिंग ३ पेन्सवर आला. शिजवायला जेमतेम २० मिनिटे लागत आणि उरलेला वेळ अभ्यासाला मिळे.

घरून येणारे मसाले आणि मिठाईही त्यांनी बंद केली. पूर्वी बेचव वाटलेला उकडलेला पालक आता आवडू लागला. चव जिभेत नसून मनात असते, हा निष्कर्ष त्यांनी इथे काढला आणि तो आयुष्यभर धरला. लंडनमधील शाकाहारी संस्थेच्या कार्यकारिणीत ते निवडून आले. १८९१ मध्ये संस्थेच्या साप्ताहिकात त्यांनी भारतीयांच्या आहारावर लेखही लिहिले.

मुंबईतील स्वयंपाकघरात काय घडले?

१८९१ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले. परदेशगमनामुळे जातीतील एका गटाने त्यांना बहिष्कृत केले होते. सासुरवाडीचे लोक आणि बहीण गुपचूप खाऊपिऊ घालायला तयार होते. पण जे उघडपणे करता येत नाही ते लपून करायचे नाही म्हणून त्यांनी त्यांच्या घरी पाणीही घेतले नाही. राजकोटच्या घरात चहा-कॉफी आधीच आली होती, त्यात त्यांनी ओटची लापशी आणि कोकोची भर घातली.

वकिली करायला ते मुंबईत आले, पण कामे मिळत नव्हती. त्यांनी ठेवलेला रविशंकर नावाचा ब्राह्मण स्वयंपाकीही त्यांच्याइतकाच नवखा होता. हाताशी भरपूर वेळ असल्याने निम्मा स्वयंपाक गांधीजीच करू लागले. विलायतेत शिकलेले शाकाहारी पदार्थ त्यांनी इथे करून पाहिले. दोघे एकत्र जेवत. शिवाशिवीचा प्रश्न गांधीजींना कधी पडला नाही आणि हळूहळू रविशंकरलाही पडेनासा झाला. अडचण एकच होती, ती म्हणजे रविशंकरची अस्वच्छता.

सात पौंडांचे जाते आणि कस्तुरबा

दक्षिण आफ्रिकेत वकिलीत जम बसला. कुटुंबाला तिकडे नेताना गांधीजींनी कस्तुरबा आणि मुलांना काट्या-चमच्यांनी खायची सक्ती केली होती. काही वर्षांनी साधेपणाचे वारे आले आणि काटे-चमचे गेले. दोन्ही वेळा निर्णय गांधीजींचा होता आणि सवयी बदलाव्या लागल्या त्या कस्तुरबांना.

जोहान्सबर्गमध्ये त्यांनी बेकरीचा पाव बंद केला. घरीच न आंबवलेला, जाडसर पिठाचा पाव भाजला जाऊ लागला. गिरणीचे पीठ चालणार नव्हते म्हणून ७ पौंडांचे हातजाते आले. त्याचे लोखंडी चाक एकट्याला फिरवणे जड जाई, दोघांना सोपे होई. गांधीजी, त्यांचे सहकारी हेन्री पोलाक आणि मुले दळत. कस्तुरबाही अधूनमधून हात लावत, मात्र दळणाच्या वेळेलाच त्यांची स्वयंपाकाची सुरुवात होत असे. म्हणजे पुरुष दळायला बसले तरी चुलीपुढची जागा कस्तुरबांचीच राहिली.

शाकाहाराच्या उत्साहाचा एकदा मोठा फटकाही बसला. जोहान्सबर्गमधील एका शाकाहारी उपाहारगृहाच्या विस्तारासाठी गांधीजींनी एका अशिलाचे सुमारे १,००० पौंड त्याच्या संमतीने दिले. ते परत आले नाहीत. नुकसान त्यांनी स्वतः भरून दिले आणि ती चूक आत्मचरित्रात नोंदवली.

मीठ आणि डाळ का सोडली?

कस्तुरबांवर शस्त्रक्रिया झाली, पण रक्तस्राव पुन्हा सुरू झाला. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडण्याचा आग्रह धरला. कोणी सांगितले तर तुम्हालाही हे जमणार नाही, अशा अर्थाचे कस्तुरबा बोलून गेल्या. गांधीजींनी त्याच क्षणी दोन्ही पदार्थ वर्षभरासाठी सोडले. कस्तुरबा रडल्या, त्यांनी विनवण्या केल्या, पण गांधीजी मागे हटले नाहीत. मग कस्तुरबांनीही मीठ आणि डाळी सोडल्या.

गांधीजींनी ही आठवण घरगुती सत्याग्रह म्हणून मोठ्या प्रेमाने सांगितली आहे. आजच्या वाचकाला त्यात प्रेमाबरोबर दडपणही दिसू शकते. त्यांच्या स्वयंपाकघरात या दोन्ही गोष्टी होत्या.

टॉल्स्टॉय फार्मवर एकच चूल

१९१० मध्ये त्यांचे जर्मन वास्तुविशारद मित्र हर्मन कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गजवळची सुमारे १,१०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली. तिथे हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी एकत्र राहत. प्रश्न आला मांसाहाराचा. कुणी मांस मागितले तर नाकारायचे नाही, अशी गांधीजींच्या मनाची तयारी होती. पण त्यांनी खर्च आणि साधेपणाची बाजू मांडल्यावर मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांनी शाकाहारी स्वयंपाकघराला संमती दिली.

भाजलेल्या गव्हाची कॉफी, शेतातल्या संत्र्यांचा मुरांबा, घरचा पाव असा तिथला बेत असे. रमजानमध्ये मुस्लिम मुलांबरोबर इतर मुलेही दिवसभर उपाशी राहत. फरक इतकाच, की ती सूर्यास्ताच्या थोडे आधी जेवून घेत आणि मग मुस्लिम मित्रांसाठी चांगलेचुंगले रांधून वाढत. एकेकाळी एकट्याची भूक भागवणारा स्वयंपाक इथे एकमेकांसाठी करण्याची गोष्ट झाला.

चंपारणमध्ये स्वयंपाकी का कमी झाले?

१९१५ मध्ये गांधीजी भारतात परतले. अहमदाबादजवळच्या आश्रमात दुदाभाई, त्यांच्या पत्नी दानीबहन आणि लहानगी लक्ष्मी हे दलित कुटुंब राहायला आले. त्यावरून देणग्या थांबल्या, आश्रमातल्या स्त्रियांमध्येही नाराजी होती. कस्तुरबाही त्याला अपवाद नव्हत्या. गांधीजी मात्र ठाम राहिले.

१९१७ मध्ये चंपारणमध्ये निळीच्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी नोंदवायला बिहारचे वकील सोबत आले. प्रत्येकाचा नोकर वेगळा, स्वयंपाकी वेगळा, चूल वेगळी. जेवायला कधीकधी मध्यरात्र होई. गांधीजींनी सर्वांसाठी एकच शाकाहारी स्वयंपाकघर आणि जेवणाची ठरलेली वेळ आणली. खर्च घटला, वेळ वाचला आणि वेगळ्या चुलीचा नियमही मोडला.

कस्तुरबांची लापशी आणि शेळीचे दूध

१९१२ पासून गांधीजींनी दूध सोडले होते. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांची तब्येत बिघडली. एका सणाच्या दिवशी दुपारी काही खाणार नाही असे त्यांनी ठरवले होते. पण कस्तुरबांनी त्यांच्यासाठी तुपाऐवजी तेलात गव्हाची गोड लापशी केली होती, सोबत वाटीभर मूग होते. दोन्ही पदार्थ आवडीचे. चवीवर विजय मिळवू पाहणारा माणूस लापशीपुढे हरला. तासाभरात आमांशाने गाठले आणि दुखणे जिवावर बेतले.

अशक्तपणा जाईना. १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत डॉक्टर दूध घ्याच म्हणत होते, गांधीजी शपथेवर अडले होते. शपथ घेताना मनात गाय आणि म्हैसच होती ना, मग शेळीच्या दुधाला हरकत काय, असा मार्ग कस्तुरबांनीच सुचवला. तो त्यांनी स्वीकारला. शपथेचे शब्द पाळले पण तिचा आत्मा मोडला, ही सल मात्र त्यांना कायम राहिली.

१९२९ मध्ये त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. इंधन आणि वेळ दोन्ही वाचतील, स्त्रियांची चुलीपासून सुटका होईल, असे त्यांना वाटे. पण ते स्वतः आजारी पडले. त्यांनी प्रयोग थांबवला आणि अपयश ‘यंग इंडिया’मधून जाहीर केले.

वर्धा, सेवाग्राम आणि पुणे

१९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. आता प्रश्न स्वतःच्या ताटापुरता नव्हता. गिरणीच्या पांढऱ्या तांदळाऐवजी हातसडीचा तांदूळ, साखरेऐवजी गूळ, घाणीचे तेल हे बदल झाले तर गावातल्या माणसाला अन्नातले सत्त्व मिळेल आणि रोजगारही टिकेल, हा हिशोब त्यामागे होता. १९३६ मध्ये ते शेगावला राहायला गेले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. तिथल्या पंगतीत बिनमसाल्याचे जेवण असे आणि अनेकदा गांधीजी स्वतः वाढत.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत ठेवण्यात आले. तिथे त्यांनी आरोग्यावरचे आपले जुने लेखन बाजूला ठेवून नव्याने पुस्तक लिहिले. दक्षिण आफ्रिकेत दूध वर्ज्य मानणाऱ्या गांधीजींनी आता शाकाहारी माणसाला दुधाशिवाय भागत नाही, हे मान्य केले. लंडनच्या खोलीपासून पाच दशके केलेल्या प्रयोगांचा तो एक प्रामाणिक निकाल होता.

याच वास्तूत २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. गांधीजींच्या प्रत्येक नव्या आहारव्रतानंतर घरातला स्वयंपाक बदलत गेला आणि तो बदल सर्वाधिक काळ निभावला कस्तुरबांनी. गांधीजींनी स्वयंपाकाला जातीच्या चौकटीतून बाहेर काढले, पुरुषांनाही जात्यावर बसवले. पण त्यांच्या चुलीची गोष्ट कस्तुरबांना वगळून पूर्ण होत नाही.