ज्योला जन्म देणारी लेखिका : लुइसा मे अल्कॉट

सातवी-आठवीच्या वयात मुलांना एक प्रश्न सतत पडत असतो, पण तो ती तोंडाने विचारत नाहीत. मी नक्की कोण? घरच्यांना हवी तशी, की वेगळीच कोणीतरी? अशा वेळी उपदेश फारसा कामी येत नाही. गोष्टीतल्या एखाद्या पात्रात मूल स्वतःला बघतं आणि मग थोडं थोडं उमगायला लागतं. 'लिट्ल विमेन' ही अशीच एक कादंबरी. शांता शेळके यांनी ती 'चौघीजणी' या नावाने मराठीत आणली. तिच्यातली हट्टी, तापट, लिहिण्यात रमणारी ज्यो अनेक मुलींना आपलीशी वाटते. या ज्योला जन्म देणाऱ्या लेखिकेचं आयुष्यही आपल्याला माहीत असायला हवं.

लुइसाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील जर्मनटाउन येथे झाला. चार बहिणींत ती दुसरी. वडील ब्रॉन्सन अल्कॉट हे शिक्षक होते. घोकंपट्टीपेक्षा मुलांशी बोलून शिकवावं, असं त्यांचं मत. पण काळ त्यांच्या बाजूने नव्हता. एका कृष्णवर्णीय मुलीला त्यांनी शाळेत घेतलं आणि तिला काढायला नकार दिला, तेव्हा पालकांनी आपली मुलं काढून घेतली. शाळा बंद पडली. वडील तत्त्वाला जागले, पण घरात पैसा येईना. संसार ओढला तो आई ॲबिगेलने आणि पुढे मुलींनी.

कुटुंब मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या काँकर्ड गावी राहत असताना इमर्सन आणि थोरो यांच्यासारख्यांचा सहवास लुइसाला मिळाला. इमर्सनच्या ग्रंथसंग्रहातली पुस्तकं तिला वाचायला मिळत. पण धावणं, झाडावर चढणं आणि पटकन संतापणं हा तिचा स्वभाव. मुलीने शांत, सोशिक असावं अशी तेव्हाची रीत. आपण या साच्यात बसत नाही, हे तिला लहानपणीच कळलं होतं. आई मात्र तिच्या लिहिण्याला बळ देत राहिली.

लुइसाने शिवणकाम केलं, मुलांना शिकवलं, घरकामाची नोकरीही केली. एका घरी सात आठवडे राबून हाती आले फक्त चार डॉलर! पैशांसाठी तिने टोपणनावाने सनसनाटी कथाही लिहिल्या. १८५८ मध्ये धाकटी बहीण एलिझाबेथ गेली. कादंबरीतली बेथ ती हीच. १८६२ च्या अखेरीस, यादवी युद्ध चालू असताना, लुइसा वॉशिंग्टनजवळच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली. काही आठवड्यांतच तिला विषमज्वर झाला. पारा असलेलं औषध दिल्यावर ती वाचली खरी, पण पूर्वीची तब्येत पुन्हा आली नाही.

पुढे प्रकाशक टॉमस नाइल्स यांनी मुलींसाठी पुस्तक लिहायला सांगितलं. तिला त्यात रस नव्हता, पण घराला पैशांची गरज होती. मग तिने स्वतःचं घर आणि बहिणीच कागदावर उतरवल्या. १८६८ मध्ये पहिला भाग निघाला आणि हातोहात खपला.

आता वाचकांची पत्रं येऊ लागली. ज्योचं लग्न शेजारच्या लॉरीशीच लावा, असा आग्रह सुरू झाला. लुइसाला खरं तर ज्योला स्वतःसारखी अविवाहित ठेवायची होती. शेवटी तिने मधला मार्ग काढला. १८६९ च्या दुसऱ्या भागात ज्योचं लग्न झालं, पण लॉरीशी नव्हे, वयाने मोठ्या प्राध्यापक भाएरशी. लोकांच्या अपेक्षेपुढे तिला थोडं वाकावं लागलं, पण ती पूर्ण वाकली नाही. स्वतःच्या आयुष्यात तर नाहीच. ती अविवाहित राहिली, लेखनाच्या कमाईतून तिने घराची कर्जं फेडली. १८७९ मध्ये शालेय समितीच्या निवडणुकीसाठी काँकर्डमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवणारी ती पहिली स्त्री ठरली. त्याच वर्षी चित्रकार बहीण मे बाळंतपणानंतर वारली; तिची मुलगी लुइसाने सांभाळली. ६ मार्च १८८८ रोजी, वडिलांच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांनी, वयाच्या ५५ व्या वर्षी ती गेली.

वर्गात किंवा घरी ही कादंबरी वाचून झाली की मुलांना विचारून बघा, चौघींपैकी तू कोण? मुलग्यांनाही विचारा बरं का. उत्तरं भराभर येतील. मग दुसरा प्रश्न विचारा : तुझ्यातलं असं काय आहे, जे चौघींपैकी कोणातच नाही? इथे वर्ग जरा गप्प होतो. त्यांना वेळ द्या, वहीत लिहू द्या. आणि एक करा, त्या लिखाणाला गुण देऊ नका. ज्योने काय करावं हे लुइसाला सांगणारे पुष्कळ होते. आपल्या मुलांना सांगणारेही कमी नाहीत. निदान या एका पानावर तरी त्यांचं त्यांना ठरवू द्या.