कापडाच्या रंगातून औषध शोधणारे डॉक्टर गेरहार्ड डोमाक

शंभर वर्षांपूर्वी साधी सुई टोचल्यावरही माणूस दगावू शकत होता. रक्तात पसरलेल्या जंतूंवर डॉक्टरांकडे फारसा इलाज नव्हता. हे चित्र पालटलं ते एका रंगामुळे.

गेरहार्ड डोमाक यांचा जन्म १८९५ चा. पहिल्या महायुद्धात डॉक्टरकीचं शिक्षण मध्येच सोडून ते आघाडीवर गेले, जखमी झाले आणि पुढे जखमींच्या शुश्रूषेत लागले. ऑपरेशन नीट होऊनही जखम सडून सैनिक मरताना त्यांनी पाहिले.

१९२७ मध्ये ते बायरच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. कंपनीचा मूळ धंदा रंगांचा. काही रंगांना सल्फोनामाइड जोडलं की ते लोकरीला घट्ट धरतात आणि धुतल्यावरही जात नाहीत, हे तिथल्या रसायनतज्ज्ञांना ठाऊक होतं. लोकर म्हणजे प्रथिनं, जंतूंच्या अंगातही प्रथिनंच. मग असा रंग जंतूंनाही चिकटेल का? क्लारर आणि मिट्श हे रसायनतज्ज्ञ रंग तयार करायचे, डोमाक ते उंदरांवर तपासायचे.

डिसेंबर १९३२ मध्ये एका लाल रंगाने कमाल केली. स्ट्रेप्टोकोकस जंतू टोचलेले उंदीर हा रंग दिल्यावर जगले, बाकीचे मेले. गंमत म्हणजे काचेच्या नळीत हाच रंग जंतूंचं काहीच बिघडवत नव्हता. जिवंत प्राण्यावर चाचणी घेण्याचा डोमाक यांचा आग्रह नसता, तर तो केराच्या टोपलीत गेला असता.

या औषधाचं नाव प्रोंटोसिल. डोमाक यांच्या लहान मुलीच्या हातात सुई घुसून जंतुसंसर्ग झाला आणि हात कापायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तिला हेच औषध दिलं. तिचा हातही वाचला आणि जीवही.

१९३५ मध्ये डोमाक यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने नळीतलं कोडं सोडवलं. शरीरात हा रंग तुटतो आणि त्यातून सल्फानिलामाइड सुटं होतं. जंतूंची वाढ रोखतं ते हे. त्याला रंगच नाही! शिवाय ते १९०८ मध्येच तयार झालं होतं, पेटंटही संपलेलं. त्यामुळे कुणालाही ते बनवता येऊ लागलं आणि बायरच्या लाल औषधाची मक्तेदारी टिकली नाही.

१९३९ चं नोबेल डोमाक यांना जाहीर झालं. हिटलरने जर्मनांना हा पुरस्कार घ्यायला बंदी केली होती. गेस्टापोने डोमाक यांना अटक केली आणि त्यांना नकार कळवावा लागला. पदक मिळालं १९४७ मध्ये, पण मुदत उलटून गेल्याने पुरस्काराची रक्कम मिळाली नाही. तोवर ते क्षयरोगावरच्या औषधांच्या कामाला लागले होते. १९६४ मध्ये त्यांचं निधन झालं.