कै. गोविंदराव टेंबे आणि त्यांची पेटी

भजनाला बसलो म्हणजे आपले लक्ष गाणारीकडे असते. पेटी वाजविणारी चुकली तरच माना तिकडे वळतात. अशा मागे बसण्याच्या वाद्यावर ज्यांनी महाराष्ट्रभर नाव मिळविले, त्या कै. गोविंदरावांची थोडी माहिती भगिनींसाठी देत आहे.

गोविंदराव कोल्हापूरचे, जन्म 1881 सालचा. पेटी ते बहुतेक आपली आपणच शिकले. पुढे गायनाचार्य भास्करबुवा बखले यांना साथ करण्याचा योग आला आणि खरे शिक्षण तेथे झाले. बुवांना ते गुरूच मानीत. साथ करणे दिसते तितके सोपे नव्हे. पेटीची पट्टी दाबली की ठरलेलाच सूर निघतो, गळा मात्र एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जातो. गवई कोठे वळेल ते आधी कळत नाही. त्याच्या मागोमाग जायचे, तो थांबला की जागा भरायची, पण पुढे धावायचे नाही.

1911 च्या मार्चमध्ये किर्लोस्कर मंडळीने मुंबईस खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली गोविंदरावांच्या आणि भामिनी झाले होते बालगंधर्व. त्या चालींना ठुमरीचा नवा गोडवा होता. पहिल्या खेळाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, तरी खेळ झाला. याचे कौतुक सगळे करतात. घरी त्या मुलीच्या आईने काय सोसले असेल, ते मात्र माझ्या वाचनात कोठे आले नाही.

1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. थोड्याच वर्षांत गोविंदराव तेथून निघाले व त्यांनी शिवराज मंडळी काढली. 1932 मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात दुर्गाबाई खोटे तारामती व गोविंदराव हरिश्चंद्र झाले. संगीतही त्यांचेच होते. लिहिण्याचा हातही चांगला. ‘माझा संगीत व्यासंग’ हे पुस्तक त्यांचे.

आणि 1940 मध्ये रेडिओने पेटीलाच बंदी केली! तिच्यात आपल्या गाण्याच्या श्रुती व मींड निघत नाहीत, असे कारण दिले. शिरूर-दौंडकडच्या देवळांतून भजनाला, काकड्याला पेटी वाजतच राहिली, रेडिओवर मात्र ती नव्हती. बंदी सैल झाली ती 1971 मध्ये. गोविंदराव 1955 च्या ऑक्टोबरातच वारले होते.