पेन्शनीतला सत्याग्रही : मर्हूम अब्बास तय्यबजी

आठवी-दहावीच्या वर्गात धारासना म्हटलं की मुलं पटकन सरोजिनी नायडूंचं नाव सांगतात. बरोबरच आहे. पण त्यांच्या आधी त्या सत्याग्रहाचं नेतृत्व कुणाकडे होतं, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. उर्दू माध्यमाचा वर्ग असो की मराठीचा, दोन्हीकडे तेच. ते नाव अब्बास तय्यबजी यांचं. धारासनाकडे निघाले तेव्हा त्यांचं वय ७६ होतं आणि बडोद्याच्या मोठ्या न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उतरून त्यांना १७ वर्षं झाली होती.

आपल्याकडे रिटायर झालेला माणूस काय करतो ते आपण रोज बघतो. सकाळी नमाज, मग पेपर, मग नाक्यावर चहा, पेन्शनच्या हिशेबाची चर्चा, नातवंडं. यात वाईट काही नाही, ज्याने आयुष्यभर राबून खाल्लं त्याला आरामाचा हक्क आहे. पण बरीच बुजुर्ग मंडळी आता आपलं काय राहिलं असं म्हणतात, आणि खरी अडचण तिथे आहे. म्हणून या माणसाची हकीकत सांगावीशी वाटते.

तय्यबजी घराणं खंभातकडचं, सुलेमानी बोहरा. व्यापारात पुढे आलेलं आणि शिक्षणाला धरून राहिलेलं. काका बद्रुद्दीन तय्यबजी मुंबईचे नामांकित बॅरिस्टर, पुढे हायकोर्टाचे जज्ज, आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. अब्बास यांचा जन्म १ फेब्रुवारी १८५४ चा. लहानपणीच त्यांना इंग्लंडला पाठवलं. ११ वर्षं ते तिथे राहिले आणि १८७५ मध्ये बॅरिस्टर झाले. परत आले ते पक्के साहेब बनून. कपडे, बोलणं, घरातली राहणी सगळं विलायती.

नोकरी केली बडोदा संस्थानात. हे संस्थान आपल्याला परकं नाही. सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. आणि नवापूरच्या पलीकडचं सोनगड, व्यारा हा सगळा मुलूख तेव्हा गायकवाडांचाच होता. त्या संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयाचे अब्बाससाहेब मुख्य न्यायाधीश झाले. घरात पडदा पाळला नाही, मुलींना शाळेत घातलं. त्या काळात हे सोपं नव्हतं. पण राज्य इंग्रजांचं आहे याचा त्यांना त्रास होत होता असं काही दिसत नाही. कायदा आहे, कोर्ट आहे, न्याय मिळतो, अशी त्यांची धारणा होती. १९१३ मध्ये निवृत्त झाले. वय ५९. पेन्शन चांगली, घर भरलेलं. गोष्ट इथे संपली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

१९१७ साली सामाजिक परिषदेला ते गांधीजींसोबत हजर होते. तिथपर्यंतही सूट-बूट कायम होता. बदल घडला तो पंजाबात.

१३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. सरकारने आपली चौकशी समिती नेमली, काँग्रेसने आपली वेगळी. काँग्रेसच्या समितीत गांधीजी होते, चित्तरंजन दास होते, मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते आणि अब्बास तय्यबजी होते. गावोगाव फिरून १,७०० हून जास्त लोकांचे जबाब तपासले गेले, त्यांतले सुमारे ६५० छापण्यासाठी निवडले. मार्च १९२० मध्ये अहवाल आला.

आता विचार करा. हा माणूस जन्मभर साक्षीदार तपासत आला होता. खरं कोण बोलतं, खोटं कोण, हे ओळखणं हाच त्याचा धंदा. समोर येणारा माणूस मात्र पहिल्यांदाच वेगळा होता. कुणाचा मुलगा मेलेला, कुणाला रस्त्यावर पोटावर सरपटायला लावलेलं, कुणाला फटके मारलेले. आणि आरोपीच्या जागी उभं होतं ते सरकार, ज्याच्या न्यायावर यांनी आयुष्यभर भरवसा ठेवला. आमच्या मते त्यांचं मन बदललं ते भाषणांनी नाही, या जबाबांनी. ६५ व्या वर्षी आपला जुना समज पुराव्यासमोर सोडून देणं जज्जालाच जमावं असं नाही, पण यांना जमलं.

मग जे झालं ते पुस्तकी नव्हतं. घरातले विलायती कपडे बैलगाडीत भरले गेले आणि होळीत गेले. बेगम अमीना यांचे रेशमी कपडेही त्यात होते. त्यांची मुलगी सोहेला हिला हा दिवस पुढेही आठवत राहिला. बेगमसाहेबांना त्या दिवशी काय वाटलं असेल, हा विचार आमच्या मनात येतोच. म्हाताऱ्या माणसाचे नवे प्रयोग घरच्यांच्याही वाट्याला येतात!

अब्बाससाहेब जाडीभरडी खादी नेसू लागले. रेल्वेच्या थर्ड क्लासने फिरू लागले. धर्मशाळेत, आश्रमात, जमिनीवर झोपायचं. खेड्यापाड्यांत मैलोन्‌मैल पायी जाऊन खादी आणि अहिंसेचा प्रचार करायचा. साठी उलटून गेलेल्या, नोकरचाकरांत वाढलेल्या माणसासाठी हे सगळंच नवीन होतं. १९२८ ला बारडोलीचा शेतसाऱ्याचा लढा झाला, त्यात ते वल्लभभाईंच्या पाठीशी उभे राहिले. नंदुरबारहून उधन्याच्या गाडीत बसलं की नवापूर, सोनगड, व्यारा आणि पुढे बारडोली. इतकं हे जवळ आहे.

गांधीजी आणि हे भेटले की एकमेकांना 'भर्रर' असा आवाज काढून सलाम करायचे. पत्रातही तेच संबोधन! दोन म्हाताऱ्यांची पोरकट गंमत. देशाचं ओझं डोक्यावर असताना ही गंमत टिकली, याचं आम्हाला फार कौतुक वाटतं.

१९३० चा मिठाचा सत्याग्रह. दांडी झाल्यावर गांधीजींनी धारासनाच्या मिठागराचा बेत केला आणि आपल्याला पकडलं तर पुढे अब्बास तय्यबजी, असं ठरवून ठेवलं. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना रात्री उठवून पकडून नेलं. पांढऱ्या दाढीचे अब्बाससाहेब पुढे झाले. ७ मे ला त्यांनी सत्याग्रहींची सभा घेतली. कूच सुरू झाली तेव्हा शेजारी कस्तुरबा होत्या. मे महिन्याचं ऊन आणि ७६ वर्षांचे पाय. १२ मे ला, धारासना गाठण्याआधीच, त्यांना ५८ साथीदारांसह अटक झाली. तीन महिन्यांची सजा. दुसऱ्यांना शिक्षा सुनावण्यात ज्यांची हयात गेली ते आता स्वतः कैदी म्हणून आत गेले.

त्यांच्यानंतर सरोजिनी नायडूंनी सूत्रं हाती घेतली. २१ मे ला धारासनात अडीच हजारांच्या आसपास स्वयंसेवक गेले, त्यांच्यावर लाठ्या पडल्या आणि ती बातमी जगभर गेली. त्या दिवशी तिथे इमामसाहेब बावझीरही होते, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

घरच्यांनाही या बदलाची लागण झाली होती. मुलगी रैहाना गायिका. आश्रमाच्या प्रार्थनेत भजनं गायची, कुराणातल्या आयतीही म्हणायची. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगातून तिला उर्दूत पत्रं लिहायचे, ती चुका दुरुस्त करायची. त्या वेळी गांधीजींची साठी उलटली होती. अलिफ-बेसाठी वय झालं असं त्यांनीही म्हटलं नाही, त्यामुळे उर्दू शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा विद्यार्थी विशेष आवडतो. सोहेलाचं लग्न अलीगढचे इतिहासकार मोहम्मद हबीब यांच्याशी झालं, आणि प्रसिद्ध इतिहासकार इरफान हबीब हे त्यांचे चिरंजीव, म्हणजे अब्बाससाहेबांचे नातू.

तब्येतीची तक्रार असली तरी काम सुटलं नाही. ९ जून १९३६ रोजी मसुरीला त्यांचा इंतकाल झाला. वय ८२. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. त्यात त्यांना गुजरातचे पितामह म्हटलं होतं.