दामाशेटींच्या घरची जनी

गोदावरीच्या काठी गंगाखेड म्हणून गाव आहे. आज ते परभणी जिल्ह्यात येते. तेथे दमा आणि करुंड या विठ्ठलभक्त दांपत्याच्या पोटी जनाबाईंचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. पोर लहान असतानाच आई गेली. मग बापाने तिला पंढरीस आणले आणि दामाशेटींच्या घरी सोडले. कोणी सांगतात, आईबाप दोघेही गेले आणि पोर यात्रेकरूंच्या पाठोपाठ पंढरीस आली. कथा कोणतीही घ्या, पोर पोरकी होती आणि एका घराने तिला आत घेतले, एवढे दोन्हींत आहे.

ते घर तरी काय गडगंज होते? दामाशेटी शिंपी. गोणाई आणि पुढे सून राजाई यांनी घरच्या ओढगस्तीची केलेली गाऱ्हाणी गाथेत आहेतच. नामदेवांचा जन्म १२७० चा. पुढे त्यांचे नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे, त्यांच्या बायका, असा मोठा खटला. त्यात ही एक परकी, ना नात्याची ना गोत्याची. तरी दामाशेटींनी ताटे मोजली नाहीत. ताटे मोजणाऱ्याच्या घरी पोरके पोर कधी वाढत नाही हो!

आता एक गोष्ट आम्ही कीर्तनकार मंडळी घाईने सांगून टाकतो. जनी दळते, कांडते, पाणी भरते, शेण्या वेचते, आणि देव येऊन तिच्याबरोबर जात्याचा खुंटा धरतो. श्रोते डोलतात, टाळ वाजतात. गोपाळपुरास ते जाते दाखवतात, आपण हात लावून येतो. पण वाचकहो, जात्यापाशी ती एकटी का होती, हे कधी विचारले आहे का? घर भरलेले होते. पोसलेल्या पोरीच्या वाट्याला कष्ट अधिक आले, हे आमच्या मते झाकू नये. तिने स्वतःला नामयाची दासी म्हणवले. त्यात भक्ती आहे, पण घरातली तिची जागाही त्यात दिसते.

आणि त्याच घराने तिला जे दिले तेही थोडे नव्हे. भजनाच्या वेळी तिला कोणी बाहेर बसवले नाही. घरातल्या लेकासुनांप्रमाणे तीही अभंग रचू लागली. ज्ञानदेवादी भावंडे स्वतः आईबापांवाचून वाढलेली. त्या संतमंडळीने तिला आपली मानले. आज तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत.

पदकाची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. देवाचे पदक नाहीसे झाले आणि आळ आला तो जनीवर. तिला सुळावर चढवायला नेले, आणि सुळाचे पाणी झाले. चमत्कार ज्याने त्याने आपल्या भावाने घ्यावा. आम्हांला टोचतो तो आळ. घरात काही हरवले की पहिली नजर बाहेरून आलेल्या पोराकडे जाते, ती तेव्हा गेली आणि आजही जाते.

आम्ही मुळशी खोऱ्यात सप्ताहांच्या निमित्ताने हिंडतो. पिरंगुट, हिंजवडीकडे कारखाने आणि बांधकामे वाढली. जनीच्या मराठवाड्यातूनही माणसे पोटासाठी येथे येतात. त्यांतले एखादे पोर उघडे पडले तर त्याला येथे ना मामा, ना आत्या. अशा पोरांना घर मिळावे म्हणून शासनाची बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची. पोर परस्पर घरी आणून ठेवता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा हुकूम लागतो. हे दत्तक नव्हे. पोराचे माणूस सावरले तर पोर परतही जाते, आणि तेव्हा सांभाळणारीच्या डोळ्यांस पाणी येते. २०२३ पासून योजनेत दरमहा २२५० रुपये ठरले आहेत. पैशासाठी कोणी घेऊ नये आणि पैशाअभावी कोणी मागे सरू नये, इतकीच ती रक्कम.

एकट्या घराला भार वाटतो, हे खरे. पण सप्ताहात गाव पंगती वाटून घेतेच ना? एका घराने पोर ठेवावे, दुसऱ्याने दूध घालावे, तिसऱ्याने वह्यापुस्तके पाहावी. आणि गावातल्या जाणत्या बायांनी अधूनमधून डोकावून यावे, पोर शाळेत जाते की नुसती भांडी घासते ते पाहायला. आरतीनंतर मंदिराच्या पत्र्यासाठी हाक घालतो, तशी या कामासाठी घालायला आमची ना नाही. संकटातले पोर दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवावे.

असो. नामदेवांनी आणि जनाबाईंनी शके १२७२, म्हणजे १३५० च्या आषाढ वद्य त्रयोदशीस एकाच दिवशी महाद्वारी देह ठेवला, अशी परंपरा आहे. पोसलेली पोर त्या घराबरोबरच गेली.