शेतकरी शर्यतवीर जिम क्लार्क

बिदर आणि कलबुर्गी हे आमचे जिल्हे सीमेवरचे. येथील बहुतेक घरांचा आधार शेती. कोठे तुरीची शेते, कोठे मांजरेकाठची काळी जमीन. स्कॉटलंडच्या दक्षिणेस बर्विकशायर नावाचा असाच एक सीमाभाग आहे. तेथे ट्वीड नदी काही अंतरापर्यंत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची हद्द आखते. त्या मुलखातील एका शेतकऱ्याच्या मुलाने मोटारशर्यतींत अजोड कीर्ती संपादन केली. त्याचे नाव जिम क्लार्क. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

जिमचा जन्म ४ मार्च १९३६ रोजी फाइफ परगण्यातील किलमनी येथे झाला. चार बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता एक मुलगा. १९४२ साली हे कुटुंब बर्विकशायरमधील एडिंग्टन मेन्स या शेतावर राहावयास आले. सोळाव्या वर्षी शाळा सोडून जिम शेतीच्या आणि मेंढ्यांच्या कामास लागला. मुलाने घरची शेती सांभाळावी ही आईवडिलांची इच्छा स्वाभाविकच होती. मोटारशर्यत म्हणजे जिवाशी खेळ, तो त्यांना मुळीच पसंत नव्हता. परंतु इयन स्कॉट वॉटसन या मित्राने जिमच्या अंगचा गुण हेरला होता. जून १९५६ मध्ये क्रायमंड येथे त्या मित्राचीच मोटार घेऊन जिम पहिल्या शर्यतीत उतरला. पुढे तो बॉर्डर रीव्हर्स या आपल्या सीमाभागातील संघाकडून धावू लागला.

२६ डिसेंबर १९५८ रोजी इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे एक शर्यत झाली. लोटस मोटारींचा निर्माता कॉलिन चॅपमन स्वतः तीत होता. नवख्या जिमने त्याला अशी झुंज दिली की, चॅपमनच्या मनात हा तरुण कायमचा भरला. १९६० साली जिम लोटस संघातर्फे ग्रां प्री शर्यतींत दाखल झाला आणि अखेरपर्यंत त्याच संघाशी एकनिष्ठ राहिला.

या यशाची दुसरी बाजू भीषण होती. १९६१ साली इटलीतील मोंझा येथे जिमची आणि जर्मन चालक फॉन ट्रिप्स याची मोटार एकमेकींस घासली. फॉन ट्रिप्स आणि दहाहून अधिक प्रेक्षक प्राणास मुकले. जिम बचावला. आईवडिलांची भीती अनाठायी नव्हती, हे वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याने डोळ्यांनी पाहिले.

१९६३ साली जगज्जेतेपदाच्या दहा शर्यतींपैकी सात जिंकून तो जगज्जेता झाला. त्याच वर्षी बेल्जियममधील स्पा येथे भर पावसात आठव्या स्थानावरून निघून त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या चालकास जवळजवळ पाच मिनिटे मागे टाकले. १९६५ साली त्याने पुन्हा जगज्जेतेपद पटकाविले, आणि अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील ५०० मैलांची शर्यतही जिंकली.

आमच्या वाचकांस विशेष वाटेल ते १९६४ चे यश. घरोघरी वापरतात तशाच बांधणीच्या मोटारींच्या शर्यती ब्रिटनमध्ये होतात. त्यांत जिम लोटस कॉर्टिना चालवीत असे. तिचे इंजिन अवघे १.६ लिटरचे, शर्यतीत सात लिटरच्या धिप्पाड अमेरिकन मोटारीही असत. वळणावर आतल्या बाजूचे पुढचे चाक अधांतरी उचललेली त्याची कॉर्टिना पाहणे हे प्रेक्षकांना मोठे कौतुक वाटे. त्या वर्षीचे ब्रिटिश अजिंक्यपद त्यानेच मिळविले. यंत्रावर जबरदस्ती न करता ते हळुवार हाताळावयाचे, ही त्याची हातोटी. त्यामुळे त्याच्या मोटारीचे टायर व ब्रेक इतरांच्यापेक्षा कमी झिजत.

१९६७ साली मोंझा येथे टायर बिघडल्याने तो पूर्ण एक फेरी मागे पडला. त्याने ती फेरी भरून काढून पुन्हा आघाडी घेतली; परंतु शेवटच्या फेरीत पेट्रोल संपत आले आणि त्याला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. १ जानेवारी १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेत पंचविसावी ग्रां प्री जिंकून त्याने अर्जेंटिनाच्या फान्जिओचा चोवीस विजयांचा विक्रम मोडला.

पुढे अवघ्या तीन महिन्यांनी, ७ एप्रिल १९६८ रोजी, जर्मनीतील हॉकनहाइम येथे त्याची मोटार भरवेगात मार्ग सोडून झाडांवर आदळली. मागच्या टायरमधील हवा गेली असावी, असे मानले जाते. झाडांपुढे लोखंडी कठडा नव्हता. जिम त्या वेळी ३२ वर्षांचा होता. एवढा निष्णात चालकही वाचू शकत नाही, हे पाहून साऱ्या शर्यतजगतास हादरा बसला. त्याचाच देशबंधू जॅकी स्टुअर्ट सुरक्षिततेसाठी झगडत होता. त्याच्या चळवळीस यामुळे अधिक बळ मिळाले. हॉकनहाइमच्या मार्गावर पुढे कठडे उभारण्यात आले.

चर्नसाइड गावी जिमची समाधी आहे. तिच्या शिळेवर आधी शेतकरी आणि मग शर्यतवीर अशी त्याची ओळख कोरली आहे. दोन वेळा जग जिंकणाऱ्यास मातीचा विसर पडला नव्हता, याची ती शिळा साक्ष देते.

विद्यार्थिमित्रांनो, शर्यतीचा मार्ग वेगळा आणि आपला हमरस्ता वेगळा. हमरस्त्यावर समोरून बैलगाडी येते, शाळेतून सुटलेली मुले येतात. जिमपासून घ्यावयाचा तो वेग नव्हे. हाती घेतलेल्या वस्तूची कदर, कामातील एकाग्रता आणि यशातही टिकलेली नम्रता घ्यावी. आणि वाहनावर बसताना, घरी आपली वाट पाहणारे कोणी आहे, याचे स्मरण ठेवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.